पॉलिसीवर ‘सायकल दुरुस्ती’ छापलं होतं, आणि मी ते वाचलं होतं

तालुक्याच्या गावी माझं ई-स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे, दोन गाळ्यांचं. गेल्या जूनमध्ये एक माणूस आला. फायरचं आणि विम्याचं सगळं एकत्र करून देतो म्हणाला. 38,500 रुपये: आग विझवायच्या चार सिलिंडरचे 9,200, फॉर्म बीचे (आग विझवायची साधनं चालू असल्याचा लायसन्सवाल्या एजन्सीचा दाखला) 6,500, विम्याचे 22,800. सिकंदराबादचा विषय त्यानंच काढला. सप्टेंबर 2022 मध्ये तिथल्या ई-स्कूटर शोरूमला आग लागली आणि वर हॉटेलात उतरलेली 8 माणसं गेली. माझ्या गाळ्यावरही एक कुटुंब राहतं. मी घाबरलो, पैसे दिले.

क्यूआर स्कॅन केला तर त्याचं स्वतःचंच नाव आलं. तिथंच हात थांबायला हवा होता. हप्ता विमा कंपनीच्याच खात्यात जायला हवा, दुसऱ्या कुणाच्या नाही.

आठ दिवसांनी पॉलिसी आली. व्यवसायाच्या रकान्यात ‘सायकल दुरुस्ती व सुटे भाग’. मी वाचलं. फोनही केला. तो म्हणाला, “दादा, सिस्टिममध्ये ईव्हीचा ऑप्शनच नाही. दुचाकी म्हणजे सायकलच धरतात.” आणि मी फोन ठेवला! रात्री झोप लागत नाही ती त्या फोनमुळे. त्याच पानावर हप्ता 3,776 छापला होता. बाकीचे 19,024 कुठं गेले, हेसुद्धा मी विचारलं नाही. मी आयटीआय केलेला माणूस, बीएमएस म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट खोलून दुरुस्त करतो. पॉलिसीची इंग्रजी मला कुणी शिकवली नाही. कंपनीच्या शिक्क्याचा कागद हातात असल्यावर कोण संशय घेतो?

नोव्हेंबरमध्ये रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटरीनं पेट घेतला. पहिल्या सिलिंडरमधून भुकटी आलीच नाही. दुसऱ्यानं ज्वाळा बसली, पण बॅटरी आतून तापलेलीच, पाच मिनिटांत पुन्हा पेटली. लिथियमला भुकटी थंड करत नाही, त्याला भरपूर पाणी लागतं. बंब येईपर्यंत ग्राहकांच्या तीन गाड्या गेल्या. वरची माणसं वेळेत खाली उतरली, एवढंच.

नुकसान मोजायला आलेल्या विमा सर्व्हेअरनं पहिलाच प्रश्न टाकला, ग्राहकांचा माल यात कुठं दाखवलाय? आगीच्या पॉलिसीत दुसऱ्याचा ताब्यातला माल वेगळा लिहून घेतल्याशिवाय धरत नाहीत. ‘हेल्ड इन ट्रस्ट’ हे शब्द छापून घ्या, नाहीतर सही करू नका. माझ्या स्वतःच्या सामानाचे 85,000 सुद्धा व्यवसाय चुकीचा दाखवला म्हणून नाकारले. तीनपैकी दोघांचा नुसता थर्ड पार्टी विमा, त्यात आग येत नाही. पण तिन्ही गाड्यांचा ताबा माझा, तेव्हा काळजी घ्यायची जबाबदारीही माझीच. 62,000, 71,000 आणि 81,000, मिळून 2,14,000 मी खिशातून देतोय, अजून हप्ते चालू आहेत.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्यांदा ‘हा दिवाणी मामला’, तिसऱ्यांदा अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. फॉर्म बीवरचा लायसन्स नंबर अग्निशमन कार्यालयात दाखवला तर म्हणे असा नंबरच यादीत नाही. मग कारवाई करा ना! ‘ते तुमचं आणि एजन्सीचं.’ उलट मलाच नोटीस! महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानं दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी द्यायची जबाबदारी मालकाची, हे मला वाचून दाखवलं. मग खोटा फॉर्म विकणाऱ्याची जबाबदारी कुणाची? विमा कंपनीला लेखी तक्रार देऊन 30 दिवस वाट पाहिली, उत्तर नाही. आता विमा लोकपालाकडे अर्ज केलाय. त्याला फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, ते आत्ता उठून बघा. लायसन्स नंबर पैसे देण्याआधी राज्याच्या अग्निशमन संचालनालयाच्या यादीत तपासा. रात्री चार्जिंग लावून घरी जाऊ नका, ही चूक माझीच.

परवा तोच माणूस चौकातल्या एका नव्या गॅरेजमधून बाहेर पडताना दिसला. तो गेल्यावर मी आत गेलो आणि त्या पोराला पॉलिसी काढायला लावली. त्यावरही ‘सायकल दुरुस्ती व सुटे भाग’. सोमवारी आम्ही दोघं मिळून ठाण्यात जातोय. तुमच्याही कागदावर हेच छापलं असेल तर सोबत या.