डिरेक्टरीतील जाहिरात: सहा महिन्यांच्या वापरानंतरचा हिशेब

कोथरूडमध्ये माझे वॉशिंग मशिन आणि फ्रीज दुरुस्तीचे दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा, मी, एक मदतनीस मुलगा आणि फोन सांभाळणारी माझी पत्नी, एवढाच कारभार आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२५ असे सहा महिने मी एका मोठ्या ऑनलाइन डिरेक्टरीत पैसे भरून जाहिरात केली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या धंद्यातील इतर दुकानदारांशी बोलल्यावर पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच असल्याचे दिसले.

मार्चच्या मध्यावर त्यांचा प्रतिनिधी दुकानात आला आणि त्याने वर्षाचे पॅकेज समोर ठेवले. महिना ४,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ४८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून एकूण ५६,६४०. माझी उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे हे १८ टक्के मला कुठेही वळते करून घेता येत नाहीत. प्रतिनिधी मात्र करासह रक्कम किती होते ते सांगतच नव्हता. "काका, आज संध्याकाळपर्यंतच हा रेट आहे," असे तो म्हणाला आणि मी त्याला चहा देऊन परत पाठवले. चार दिवसांनी तोच रेट ३,२०० झाला, पुढच्या आठवड्यात २,५०० आणि ३१ मार्च दोन दिवसांवर आला असताना २,०००. वर्षअखेरीचे टार्गेट विक्रेत्यालाच जास्त टोचत असते, त्यामुळे घाई आपण करायची नाही, एवढे त्या पंधरवड्यात मला कळले.

तरीही दर निम्म्यावर आला यात माझी फारशी हुशारी नव्हती. खरी घासाघीस मी अटींवर केली आणि पुढे उपयोगी पडल्या त्या अटीच. मी त्याला दोन प्रश्न विचारले होते. माझ्या पिन कोडमधून गेल्या महिन्यात वॉशिंग मशिन दुरुस्तीसाठी किती चौकश्या आल्या, आणि एक चौकशी किती दुकानदारांना पाठवली जाते? पहिल्या प्रश्नावर त्याने बराच वेळ मोबाईल चाळला आणि अखेर सगळ्या पुण्याचा आकडा दाखवला. दुसऱ्याचे उत्तर मात्र सरळ मिळाले: "चार-पाच जणांना जाते, काका."

हे उत्तर ऐकून मला माझे उमेदवारीचे दिवस आठवले. नव्वदच्या दशकात मी मुंबईत ज्यांच्याकडे काम शिकलो, त्यांची जाहिरात छापील पिवळ्या पानांत, म्हणजे धंदेवाल्यांचे फोन नंबर देणाऱ्या 'यलो पेजेस' पुस्तकात असे. त्याच पिवळ्या पानांवरून टाटा प्रेस आणि महानगर टेलिफोन निगम यांच्यातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि व्यापारी जाहिरात हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निकाल १९९५ साली लागला. त्या पानांत गिऱ्हाईक स्वतः नाव निवडून फोन करीत असे. आता गिऱ्हाईक एकदाच आपला नंबर देते आणि त्याचा पत्ता पाच जणांत वाटला जातो. त्यामुळे यादीत वर दिसण्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा फोन लगेच करणे जास्त कामाला येते.

शेवटी ठरले ते असे: करार सहा महिन्यांचा, दरमहा २,००० अधिक जीएसटी म्हणजे २,३६० रुपये, कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे हे तीनच पिन कोड आणि वॉशिंग मशिन व फ्रीज या दोनच वर्गवाऱ्या. बँकेच्या मँडेटचा, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापून घेण्याच्या परवानगीचा जो फॉर्म त्याने सहीसाठी पुढे केला होता, त्यात कमाल रकमेची जागा कोरी होती आणि मुदत 'रद्द करेपर्यंत' अशी होती. त्यावर मी सही केली नाही. त्याऐवजी कमाल रक्कम २,३६० आणि सप्टेंबरअखेरची तारीख घालून यूपीआय ऑटोपे केले, कारण ते मला माझ्याच मोबाईलवरून केव्हाही बंद करता येते. नामांकित कंपन्यांच्या 'सर्व्हिस सेंटर' या शोधात माझे दुकान दाखवण्याची त्याची सूचनाही मी नाकारली. मी कोणत्याही कंपनीचा अधिकृत माणूस नाही आणि तसा समज करून देऊन मिळालेले गिऱ्हाईक दारातच भांडते.

पहिला महिना वाईट गेला. सकाळी साडेसातला आलेल्या चौकशीवर मी दुकान उघडल्यावर, साडेनऊला फोन केला, तेव्हा पलीकडच्या आजी म्हणाल्या, "अहो, तुम्ही पाचवे! माणूस येऊन मशिन उघडून बसलाय." त्यानंतर पत्नीने चौकशीचा फोन आपल्याकडे घेतला. मेसेज वाजला की दोन मिनिटांच्या आत फोन, ३०० रुपये व्हिजिट चार्ज आधीच स्पष्ट सांगणे आणि यायची वेळ तिथल्या तिथे ठरवणे, असा तिने शिरस्ता घातला. वहीत तारीख, भाग, तक्रार आणि निकाल असे चार रकाने तिनेच आखले. खालचे आकडे त्याच वहीतले आहेत.

सहा महिन्यांत २१२ चौकश्या आल्या. त्यातील ३१ ठरलेल्या भागाबाहेरच्या होत्या, ७४ जणांनी फोन उचलला नाही किंवा काम आधीच दुसऱ्याला दिले होते, ५९ जणांना केवळ भाव विचारायचा होता, ४८ घरी आम्ही गेलो आणि ३७ कामे झाली. एकूण खर्च १४,१६० रुपये. म्हणजे चौकशीला साधारण ६७ रुपये आणि झालेल्या कामाला ३८३ रुपये पडले. स्पेअर पार्टचे पैसे वजा जाता एका कामामागे माझ्या हाती सरासरी ८०० ते ९०० राहतात, त्यातून पेट्रोल आणि मुलाचा रोज जातो. मूळ दराने हाच खर्च कामामागे ७६५ झाला असता. त्या पैशात सगळ्या पुण्याच्या चौकश्या आल्या असत्या हे खरे, पण वाघोलीला ड्रेन पंप बदलायला जाऊन अर्धा दिवस घालवण्यात काय मिळणार?

भागाबाहेरच्या ३१ पैकी बहुतेक चौकश्या जूनमधल्या आहेत. अचानक हडपसरचे मेसेज येऊ लागले, म्हणून विचारले तर कोणीतरी 'सिस्टममधून' माझा परिसर वाढवल्याचे कळले. फोनवरच्या तक्रारीला कोणी दाद दिली नाही. मार्चमधला ठराव मी ईमेलवर लिहून घेतला होता, तोच पुन्हा पाठवल्यावर नवव्या दिवशी दुरुस्ती झाली आणि पंधरा दिवस फुकट वाढवून मिळाले. ते पंधरा दिवस ऑक्टोबरमध्ये गेल्याने वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, वॉशिंग मशिनची कामे चांगली आली. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि ड्रेन पाइप हीच त्यात जास्त. फ्रीजच्या चौकश्यांचा मात्र उपयोग झाला नाही, कारण फ्रीज बंद पडलेला माणूस पाचही जणांना 'आत्ता या' म्हणतो आणि जो आधी पोचेल त्याला काम देतो. याच काळात गुगल मॅपवर फुकट केलेल्या नोंदीवरून २९ कामे मिळाली, तीही भाव न पाडता. ज्यांनी ती नोंद अजून केलेली नाही त्यांनी आधी ती करावी आणि डिरेक्टरीच्या माणसाला नंतर बसायला खुर्ची द्यावी.

नूतनीकरणासाठी आलेल्या फोनवर ३,५०० चा आकडा सांगण्यात आला, तेव्हा मी वहीतील आकडे वाचून दाखवले आणि सध्या जाहिरात बंद ठेवली. मे महिन्याच्या शेवटी फक्त वॉशिंग मशिनसाठी, फक्त चार महिन्यांचे बोलणार आहे. २,००० च्या वर जाणार नाही.