क्लच उघडलाच नव्हता, बिल मात्र मी भरलं

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका गॅरेजनं माझ्याकडून २२,७०० रुपये घेतले आणि गाडीचा मूळ बिघाड तसाच ठेवला. यातले बरेचसे पैसे कधी न केलेल्या कामाचे होते. गाडीतलं फारसं न कळणाऱ्या माणसाला असं फसवणं किती सोपं आहे ते मी स्वतः भोगलंय, म्हणून सगळं तपशिलात लिहितेय.

गाडी पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, ७०,००० किलोमीटर झालेली. दर शनिवारी मी पुण्याहून वाईला आई-बाबांकडे जाते. जुलैत खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरायला लागली. पाय उचलला की शांत. पुन्हा दाबला की पुन्हा तेच. मागून ट्रकांची रांग, वर धो धो पाऊस, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. घाटमाथ्यावर तो लुकलुकायचा थांबला आणि नुसता लागून राहिला. त्या लुकलुकण्याचा अर्थ तेव्हा मला माहीत नव्हता.

सोमवारी गॅरेजला गेले. सुपरवायझरनं बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, दोन मिनिटं पाहिला आणि मला न दाखवताच काढून ठेवला. ‘‘मॅडम, इंजिन माउंटिंग गेलीत. तिन्ही बदलावी लागतील.’’ माउंटिंग म्हणजे इंजिन ज्यांच्यावर बसतं ते रबरी आधार. बिल ७,८०० रुपये. संध्याकाळी गाडी घेतली तेव्हा दिवा गेलेला होता, त्यामुळे काम झालं असं मी धरून चालले. शनिवारी घाटात गाडी पुन्हा थरथरली. मग ‘‘क्लच प्लेट जळलीय, पूर्ण सेट टाकू’’, १२,४०० रुपये. त्यानंतर ‘‘इंजेक्टर चोक आहेत’’, म्हणजे पेट्रोल फवारणारे भाग तुंबलेत, २,५०० रुपये. जुने पार्ट मागितले तर ‘‘भंगारात गेले’’ असं उत्तर मिळालं. दर वेळी दिवा जायचा आणि शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये परत यायचा.

शेवटी बाबा मला वाईतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे घेऊन गेले. काकांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी शेजारी बसून पसरणीच्या घाटात गाडी चढवायला लावली. दोन वळणं झाली नि म्हणाले, ‘‘ताई, गाडी एका पायानं लंगडतीया. एक सिलिंडर मिसिंग मारतोय.’’

खाली आल्यावर त्यांनी स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडे वळवला. कोड होता पी-०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नव्हतं. मग त्यांनी जे केलं ते प्रत्येकानं लक्षात ठेवावं. तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, काढून पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर, कोड पुसला आणि पुन्हा घाटात नेली. आता कोड आला पी-०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला होता. एक नवा पैसाही खर्च न करता निदान पक्कं झालं.

काढलेली कॉइल त्यांनी माझ्या हातात दिली. तिच्या रबरी टोपीवर आतून केसाएवढी राखाडी रेघ होती. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ती प्लगच्या टोकावर पडण्याऐवजी त्या रेघेतून बाजूला पळते. म्हणून सपाटीवर गाडी बरी वाटायची. कॉइल आणि चार प्लग, मजुरीसकट ३,३२० रुपये झाले. त्या शनिवारपासून गाडी एकदाही थरथरली नाही.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थही काकांनीच सांगितला. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. दिवा लुकलुकला की गाडी रेटायची नाही. आणि गॅरेजनं दर वेळी नुसता कोड पुसून दिवा घालवला होता. म्हणजे खरा बिघाड पहिल्याच दिवशी त्यांच्या पडद्यावर आला होता. याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

मग काकांनी गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतली. ‘नव्या’ माउंटिंगवर काळा स्प्रे मारलेला होता, त्याचे शिंतोडे शेजारच्या पाइपावरही उडाले होते. मी नखानं खरवडलं तर खाली गंज निघाला आणि रबराला जुनी भेग दिसली. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांच्या चिखलाची पुटं तशीच होती, एकाही डोक्यावर पान्याचा चरा नव्हता. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. काका काही वेळ बोललेच नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, ‘‘फोटो काढून ठेवा.’’

त्यांच्याकडून शिकलेलं सांगते. क्लचची थरथर बहुतेक वेळा पहिल्या गिअरला गाडी उचलताना जाणवते. चाकांच्या बॅलन्सिंगची ठरावीक वेगाला येते आणि पाय उचलला तरी चालू राहते. जोर दिल्यावरच थरथरते आणि दिवा मात्र लागत नाही, तर चाक फिरवणाऱ्या एक्सलचा आतला जॉइंट तपासायला सांगा. स्कॅनर लावला की कोडचा फोटो स्वतः घ्या, तो पुसायच्या आधी. आणि जुने पार्ट परत हवेत हे काम सुरू होण्यापूर्वी जॉबकार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून घ्या. मी तोंडी मागितले होते, त्याचा काही उपयोग झाला नाही.

फोटो आणि बिलं घेऊन गॅरेजला गेले तेव्हा मालकानं आधी आवाज चढवला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर क्लचचे १२,४०० रुपये खात्यात आले. माउंटिंगचे अजून आलेले नाहीत. ग्राहक आयोगात जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. अर्ज मी लिहायला घेतलाय. बिलांच्या फाइलला खरवडलेल्या माउंटिंगचा फोटो लावलाय.