मे महिन्यात दाखवलेली जमीन

पवना धरणाच्या काठाला ‘लेक टच’ प्लॉट दाखवायला कुणी तुम्हाला एप्रिल-मेमध्ये नेत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे चौदा लाख गेले. त्यातले चार कसेबसे परत आले, बाकीच्या पैशांसाठी कोर्टाच्या तारखा चालू आहेत.

आम्ही चिंचवडचे. ह्यांच्या निवृत्तीचे पैसे आले होते, मुलगा म्हणाला थोडी भर मी घालतो. शनिवार-रविवारी सगळ्यांना जमता येईल असं एक घर हवं होतं. जुन्या पद्धतीचं कौलारू नको, सपाट स्लॅबचं, पाण्याच्या बाजूला अख्खी भिंत काचेची आणि पुढे लाकडी डेक, असं सुनेच्या मनात होतं. ओळखीच्या आर्किटेक्टने थ्रीडी चित्रंही करून दिली. ती चित्रं फ्रिजवर लावलेली असायची.

एजंट आमच्या एका नातेवाइकाच्या ओळखीतून आलेला, बोलायला अतिशय गोड. "काकू, काका, आधी जागा बघा, पैशाचं नंतर बोलू," म्हणाला. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. गाडी थेट जागेवर गेली. समोर तुंग किल्ल्याचा सुळका, पलीकडे तिकोना, आणि पाणी चाळीस-पन्नास पावलांवर. अकरा गुंठे, चारी कोपऱ्यांना गुलाबी रंग दिलेले सिमेंटचे खांब. जमीन अगदी सपाट, एक झुडूप नाही. मला वाटलं, साफ करून घेतली असेल.

नात मातीत खेळत होती. काळी, भेगा पडलेली माती. तिने ओंजळभर शिंपले गोळा करून आणले आणि म्हणाली, "आजी, समुद्र!" ते मी पर्समध्ये ठेवले. शेतात शिंपले कुठून येतील, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. वास्तविक पिंपरी-चिंचवडला पाणी ह्याच धरणाचं. उन्हाळ्यात धरणात किती टक्के साठा उरला, ही बातमी आम्ही दरवर्षी वाचतो. पण पाणी खाली गेलं म्हणजे जमीन उघडी पडते आणि आपण तीच बघतोय, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

निघताना शेरडं घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. म्हणाली, "बाई, पाऊस झाल्यावर या बघायला." एजंट लगेच मध्ये पडला, "मावशींना वाटतं सगळं पावसाळ्यात हिरवंगार दिसतं, तेव्हा या." ती काही न बोलता निघून गेली. तिला थांबवून एक वाक्य विचारलं असतं तर! ही गोष्ट मला अजून रात्री झोपू देत नाही.

आमच्याकडे शेतजमीन नाही. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. हे एजंटने स्वतःच सांगितलं, म्हणून तो प्रामाणिक वाटला. "आत्ता साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, करून ठेवू, जमीन एनए म्हणजे बिगरशेती झाली की खरेदीखत थेट तुमच्या नावावर." ते साठेखत पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर फक्त नोटरी केलं, रजिस्टर केलं नाही. नोटरीच्या शिक्क्याने जमिनीत कसलाही हक्क मिळत नाही, हे आम्हाला पुढे वकिलांनी सांगितलं. सातबारा मात्र खरा होता, गट नंबर खरा, शेतकऱ्याचं नाव खरं. तो कागद आम्ही तीनदा वाचला. पण सातबाऱ्यावर नाव, क्षेत्र, बोजा असतो. ती जमीन नेमकी कुठे आहे हे त्यावरून कळत नाही.

आर्किटेक्टने मोजणीचा नकाशा आणि कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारी मोजणी, मागितली होती. एजंट दर वेळी म्हणायचा, "मोजणी लावली आहे, तारीख येईल." आम्ही थांबलो, आणि मधल्या काळात ‘दर वाढतायत’ म्हणत त्याने दुसरा हप्ता घेतला.

गणपती झाल्यावर आम्ही न सांगता गेलो. रस्ता पाण्यात शिरत होता. आधी वाटलं वाट चुकलो. मग ह्यांनी बोट दाखवलं. काठापासून बऱ्याच आत, पाण्यातून वीतभर गुलाबी टोक वर आलं होतं. आमचा वरच्या बाजूचा खांब. बाकीचे तीन दिसतच नव्हते.

पुढचं सगळं कागदावर उलगडलं. आम्हाला दाखवलेली जागा धरणासाठी संपादित झालेली, म्हणजे सरकारची. पाणी ओसरलं की गावातले लोक तिथे गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करतात. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्याला पूर्ण संचय पातळी म्हणतात, आमचे चारही खांब तिच्या खाली होते. आणि साठेखतातला गट दीड किलोमीटर वर, डोंगराच्या उतारावर, रस्ता नसलेला. सातबाऱ्यावर चौदा जणांची नावं सामाईक, त्यातल्या एकानेच सही केलेली. त्याच्या बहिणींना तर व्यवहाराचा पत्ताच नव्हता.

एजंटने ओरडाआरडा केला नाही. "गैरसमज झाला काकू," म्हणत चेक दिले. पहिले दोन वटले, तिसरा परत आला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची, तक्रार. तो फोनवर "पुढच्या सोमवारी नक्की" म्हणत राहतो तो ह्याच मुदती उलटाव्यात म्हणून. आम्ही 27 व्या दिवशी नोटीस पाठवली.

जे आम्ही नंतर केलं ते आधी करता येत होतं. महाभूनकाशा ह्या सरकारी नकाशांच्या वेबसाइटवर गट नंबर टाकला की गटाचा आकार आणि शेजारचे गट दिसतात, ते घरी बसून दहा मिनिटांत होतं. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची छायाचित्रं उघडतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं एखादं बघा, पाणी कुठवर होतं ते दिसेल. पण खरी खात्री भूमी अभिलेख खात्याच्या हद्द कायम मोजणीनेच, म्हणजे जागेवर हद्दी ठरवून देणाऱ्या सरकारी मोजणीनेच, होते. तिची फी आपण भरायची आणि मोजणीच्या दिवशी स्वतः जागेवर उभं राहायचं. तोवर विसार म्हणूनसुद्धा एक रुपया देऊ नका.

ह्या मे महिन्यात आम्ही वकिलांसाठी फोटो काढायला परत तिथे गेलो. पाणी खाली गेलेलं, तीच काळी माती, खांबांना नवा रंग. एक पांढरी गाडी उभी होती. एक जोडपं, सोबत लहान मुलगा, आणि नकाशा धरून उभा असलेला कुणी दुसराच तरुण. मी सरळ त्या बाईंकडे गेले. तो तरुण म्हणाला, "मॅडम, प्रायव्हेट व्हिजिट चालू आहे." त्या बाईंनी मला विचारलं, "पाणी कुठपर्यंत येतं हो?"

आमच्या मागे, चढावर, करवंदीच्या जाळ्या जिथून सुरू होतात तिथे मी हात केला. त्या रेघेच्या खाली एकही झुडूप नव्हतं. त्यांनी मान वळवून ती रेघ पाहिली, मग खाली वाकून पायाजवळचा एक शिंपला उचलला.