दंडावरचे बीपी यंत्र: सात महिन्यांच्या वापरानंतर

औसा तालुक्यातल्या आमच्या गावी राहणाऱ्या वडिलांसाठी, आमच्या अण्णांसाठी, सात महिन्यांपूर्वी लातूरच्या एका औषध दुकानातून दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे डिजिटल यंत्र २,१०० रुपयांना घेतले. त्याला कारण झाला तो त्यांचा वाढता विसर. ज्या माणसाने आडतीवरच्या सोयाबीनच्या हिशेबाच्या पट्ट्या आयुष्यभर तोंडी जुळवल्या, तो एकाच दुपारी तीनदा 'मळणीवाल्याचे पैसे दिले का रे' असे विचारू लागला, तेव्हा वयावर बोट ठेवून गप्प बसणे मला जमले नाही. डॉक्टरांनी सर्वांत आधी बीपीच्या गोळीची चौकशी केली आणि आईने सांगितले, की काही त्रासच होत नाही म्हणून अण्णांनी ती दीड वर्षापूर्वीच सोडली आहे.

हा त्रास न जाणवणेच घातक ठरते. मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे जास्त दाब सोसून जाड आणि कडक होतात, काही बंद पडतात, आणि मेंदूचे निरनिराळे भाग ज्या तंतूंनी एकमेकांशी जोडलेले असतात ते हळूहळू निकामी होत जातात. हातपाय चालत राहतात, पण विचार मंदावतो, हिशेब चुकतो. अमेरिकेतील स्प्रिंट या चाचणीत पन्नाशी ओलांडलेले ९,३६१ जण होते. ज्यांचा वरचा दाब १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवले होते, त्यांच्यात सौम्य बौद्धिक ऱ्हास १४० चे लक्ष्य असलेल्यांपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळला, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मृतिभ्रंशातली घट मात्र तिथे निर्विवाद ठरली नाही. मला अधिक जवळची वाटली ती चीनमधल्या ३२६ खेड्यांतील चाचणी: गावातल्याच वैद्यकीय सेवकांनी चार वर्षे लोकांचा दाब आटोक्यात ठेवला आणि स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. तिथे जमले ते औशात का जमू नये?

आता यंत्राविषयी. दवाखान्यात डॉक्टरांच्या यंत्राने १५६/९२ दाखवले, तेव्हा याने १५९/९० दाखवले. एवढा फरक चालतो, असे ते म्हणाले. आकडे मोठे आहेत, आईला चष्म्याशिवाय वाचता येतात. ते सेलवर चालते, त्यामुळे गावात वीज नसली तरी अडत नाही. सोबत मिळालेला पट्टा मात्र अण्णांच्या दंडाला अपुरा पडत होता आणि आखूड पट्ट्याने दाब खरा आहे त्यापेक्षा जास्त येतो, हे दुकानदाराने सांगायला हवे होते. मोठा पट्टा वेगळे पैसे देऊन मागवावा लागला. दुसरी उणीव म्हणजे दोघांच्या नोंदी वेगळ्या राहत नाहीत. आई स्वतःचाही दाब मोजते, म्हणून आम्ही वही घातली.

मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसणे, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात हृदयाच्या पातळीत आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजणे, हे पाळले नाही तर कितीही महाग यंत्र उपयोगाचे नाही. शेतातून आल्या आल्या मोजलेला आकडा आम्ही वहीत घेत नाही. एकदा उठताना अण्णांना भोवळ आली, तेव्हा उभे राहिल्यावर वरचा दाब १०४ आला. ती नोंद दाखवल्यावर डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली. आकडा पाहून आपणच गोळी वाढवू किंवा थांबवू नये, हे मी आईला बजावून ठेवले आहे. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर दाखवायला जायचे, असे ठरले आहे. ताटातले खाराचे लोणचे कमी करताना मात्र अण्णा अजूनही रुसतात.

यंत्र घेण्याजोगे आहे, पट्ट्याचे माप आधी घ्यावे. अण्णांचा विसर गेलेला नाही आणि जाईल असे कोणी सांगितलेलेही नाही, पण गोळी चुकत नाही आणि मागच्या आठवड्याची सरासरी १३१ होती. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. मेंदूचे नुकसान चाळिशी-पन्नाशीतल्या दाबापासूनच सुरू होते, हे कळल्यावर त्याच वहीच्या शेवटच्या पानापासून उलट्या क्रमाने मी माझे आकडे लिहू लागलो. पहिला होता १४२/९०.