एमपीथ्रीटॅग: जुन्या ध्वनिमुद्रिकांची कव्हरे जपणाऱ्यांसाठी एक भरवशाचे साधन

ध्वनिमुद्रिका संगणकावर उतरवून घेणे आता पुष्कळांना जमू लागले आहे. पण तिचे कव्हर नीट स्कॅन करून, त्याच ध्वनिफायलीत बसवून, हवे तेव्हा सापडेल अशा रीतीने लावून ठेवण्याचे काम बहुतेक संग्राहक अर्ध्यावर सोडून देतात. या कामासाठी मी एमपीथ्रीटॅग ही संगणकप्रणाली बराच काळ वापरीत आलो आहे, आणि मराठी संगीताचा संग्रह बाळगणाऱ्या माणसाला विंडोजवर तिच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही, असे माझे मत झाले आहे. फ्लोरियन हायडनराइख या जर्मन विकासकाने ती घडवली असून विंडोजवर ती विनामूल्य मिळते. मॅकवर मात्र तिचे पैसे मोजावे लागतात. एमपीथ्री, फ्लॅक, एमफोरए, ऑग अशा नेहमीच्या सर्व प्रकारच्या फायली ती हाताळते.

कव्हर आपोआप शोधून आणणाऱ्या प्रणाली वेगळ्या आहेत आणि त्यांतली म्युझिकब्रेन्झ पिकार्ड ही खरोखर गुणी आहे. ती ध्वनीचा ठसा घेऊन गाणे ओळखते आणि म्युझिकब्रेन्झ (संगीताच्या माहितीचा खुला कोश) व इंटरनेट आर्काइव्ह यांनी मिळून २०१२ साली सुरू केलेल्या कव्हर आर्ट आर्काइव्हमधून चित्र आणून देते. पाश्चात्त्य संगीताच्या संग्रहाला याहून अधिक काही लागू नये. आपल्याकडची परिस्थिती निराळी आहे. उस्ताद अल्लादियाखाँ यांचे ज्या गावात दीर्घ वास्तव्य होते आणि सुधीर फडके यांचा १९१९ साली ज्या गावात जन्म झाला, त्या कोल्हापुरातल्या एखाद्या रसिकाच्या कपाटात जयपूर-अत्रौली घराण्याचे ख्याल, नाट्यपदे आणि भावगीतांच्या ईपी, म्हणजे छोट्या तबकड्या, असणार हे उघड आहे, आणि नेमक्या याच मुद्रिकांची मूळ कव्हरे आपोआप शोधणाऱ्या प्रणालींना फारशी सापडत नाहीत. सापडते ते पुष्कळदा नंतर निघालेल्या एखाद्या संकलनाचे चित्र असते. गायिका तीच, राग तोच, म्हणून ते जुन्या मुद्रिकेला जोडले जाते आणि त्याबरोबर चुकीचे वर्ष, चुकीचा क्रमांक आणि कधी कधी चुकीचे साथीदारही येऊन बसतात. असे एक चुकीचे कव्हर शंभर फायलींत शिरले की पुढे मूळ मुद्रिका कोणती हे ठरवणे जड जाते. म्हणून मराठी संग्राहकाने कव्हर स्वतः स्कॅन करावे आणि स्वतःच्या हाताने बसवावे, यावर माझा भर आहे. एमपीथ्रीटॅग हे हाताचे काम मनापासून सोपे करते, हीच तिची खरी किंमत.

तिला काय येत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. ती स्कॅन करीत नाही, तिरकी प्रतिमा सरळ करीत नाही, दोन तुकडे जोडीत नाही. हे सगळे तिच्याकडे जाण्यापूर्वी उरकावे लागते, आणि एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, बाबतीत ते किचकट आहे. एलपीचे कव्हर सुमारे ३१.५ सेंटिमीटरचे चौरस असते. घरगुती स्कॅनरची काच ए-४ आकाराची, म्हणजे साधारण २१.६ बाय २९.७ सेंटिमीटरची असल्यामुळे ते एका वेळी मावत नाही, इतकेच नव्हे तर लांबीच्या बाजूनेही दोनेक सेंटिमीटर बाहेर राहते, आणि म्हणून एका बाजूसाठी चार तुकडे घ्यावे लागतात. ए-३ स्कॅनर मिळाला तर दोन तुकड्यांत भागते. पूर्ण कव्हर त्यावरही मावत नाही, कारण त्याची रुंदी २९.७ सेंटिमीटरच असते. ईपीचे सुमारे १८ सेंटिमीटरचे कव्हर, कॅसेटचा उलगडलेला कागद आणि सीडीची १२ सेंटिमीटरची पुस्तिका मात्र ए-४ काचेवर आरामात बसतात. त्यामुळे ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ईपींपासून करावी.

स्कॅनर विकत घेताना एक तांत्रिक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाजारातले पातळ, यूएसबीवरच चालणारे स्कॅनर सीआयएस पद्धतीचे असतात आणि काचेला चिकटलेल्या कागदाचीच प्रतिमा ते स्वच्छ घेतात. एलपीचे कव्हर काचेबाहेर येते, स्कॅनरच्या उंच कडेवर टेकते आणि तेथे केसभर उचलले जाते. तेवढ्या पट्टीत अक्षरे धूसर होतात. सीसीडी पद्धतीचा स्कॅनर जाडजूड असतो, महाग असतो, पण अशी उचललेली कड किंवा दुहेरी उघडणाऱ्या कव्हराची घडी तो अधिक चांगली टिपतो. ज्यांच्याकडे पुष्कळ एलपी आहेत त्यांनी सीसीडीचाच विचार करावा, असे मी निःसंकोच सुचवेन. शहरात रंगीत झेरॉक्सच्या दुकानांतून ए-३ स्कॅन करून मिळते, तोही मार्ग आहे. मात्र कव्हर काचेवरच ठेवायला सांगावे, कागद ओढून घेणाऱ्या खाचेत ते कधीही घालू देऊ नये, आणि दाबून लहान केलेल्या पीडीएफऐवजी ६०० डीपीआयची (दर इंचाला ६०० ठिपके) टिफ फाइल मागून घ्यावी.

६०० डीपीआयचा आग्रह छपाईमुळे आहे. जुनी कव्हरे ऑफसेटवर छापलेली असल्याने त्यांतले चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते, आणि कमी डीपीआयवर त्या ठिपक्यांची आणि स्कॅनरच्या रेषांची टक्कर होऊन चित्रावर जाळीसारखी नक्षी उमटते. स्कॅनरच्या प्रणालीत डिस्क्रीन असा पर्याय असतो तो याचसाठी. ६०० डीपीआयवर घेऊन नंतर प्रतिमा लहान केली तरी ही नक्षी बहुतांशी विरते. रंग आपोआप सुधारण्याचा पर्याय मात्र बंद ठेवावा. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरात चित्राच्या रंगाचे मोल वेगळे सांगायला नको: जुन्या कव्हराचा उतरलेला पिवळसरपणा घालवण्याच्या नादात चित्रकाराने योजलेला गेरू भडक तांबडा करून ठेवणे हे जतन नव्हे. हे काम शक्यतो हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, फुगतो, काचेवर सपाट बसत नाही, आणि त्यावरची बुरशी मऊ कोरड्या ब्रशने आधी घराबाहेर झटकली नाही तर ती काचेवर आणि दुसऱ्या कव्हरांवर पसरते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांची कपाटे भिजली त्यांनी डागाळलेली कव्हरेही टाकून न देता स्कॅन करून ठेवावीत. मजकूर वाचता येत असेल तर ती तितकीच मोलाची आहेत.

प्रत्येक कव्हराच्या दोन प्रती असाव्यात. पहिली मूळ टिफ प्रत. एलपीची एक बाजू ६०० डीपीआयवर सुमारे १६५ एमबी होते, म्हणजे शंभर एलपींच्या दोन्ही बाजूंना ३३ जीबी लागतात, आणि आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ही जागा काहीच नाही. दुसरी प्रत फायलींत बसवण्यासाठीची, १००० बाय १००० पिक्सेलची जेपीईजी. मोठेच चित्र बसवण्याचा मोह टाळावा, कारण ते प्रत्येक गाण्यात पुन्हा पुन्हा साठवले जाते.

आता प्रत्यक्ष प्रणालीकडे वळतो. एमपीथ्रीटॅग उघडून एखादा फोल्डर तिच्यात ओढून टाकला की उजवीकडे फायलींची यादी आणि डावीकडे माहितीच्या चौकटी दिसतात. त्या चौकटींच्या तळाशी कव्हराची जागा आहे. एका मुद्रिकेच्या सर्व फायली एकदम निवडायच्या, चित्र त्या जागेवर टाकायचे आणि कंट्रोल व एस दाबायचे, की सगळ्या फायलींत ते बसते. चित्राशेजारीच त्याचा प्रकार, लांबी-रुंदी आणि वजन लिहून येते, त्यामुळे एखादे ३०० पिक्सेलचे फुटके चित्र आधीपासून बसलेले असेल तर लगेच ध्यानात येते. यादीत चित्रांच्या संख्येचा एक स्तंभ स्वतः तयार करता येतो. हजारो फायलींच्या संग्रहात कोणती गाणी अजून कव्हराविना आहेत हे त्या एका स्तंभावरून कळते. आधीपासून फाइलमध्ये असलेले चित्र बाहेर काढून घेणे, सगळी चित्रे एका ठराविक मापात आणणे, ही कामेही ती एका फटक्यात करते.

मला सर्वांत अधिक भावलेली सोय म्हणजे चित्राचा प्रकार नोंदवता येणे. एमपीथ्री आणि फ्लॅक या दोन्ही प्रकारांत एकाच फाइलमध्ये अनेक चित्रे ठेवता येतात आणि प्रत्येकाला पुढील बाजू, मागील बाजू, पुस्तिकेचे पान, लेबल असा प्रकार देता येतो. एमफोरएमध्ये ही नोंद करण्याची व्यवस्थाच नाही, आणि जुन्या मुद्रिका फ्लॅकमध्ये ठेवाव्यात असे मी म्हणतो त्याचे हे एक कारण. शास्त्रीय संगीताच्या एलपीचे कव्हर उलटून पाहिले तर तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, सारंगी कोणाची, कोणत्या बाजूला कोणता राग आणि कोणता ताल, गायकाची तालीम कोणाकडे झाली, हे सगळे तेथे असते, आणि पुढच्या बाजूवर गायकाच्या छायाचित्रापलीकडे फारसे काही नसते. जो संग्राहक फक्त पुढची बाजू स्कॅन करतो तो मुद्रिकेचा अर्धा दस्तऐवज गमावतो. मागच्या बाजूचे चित्र फाइलमध्ये बसवल्यावर त्यावरूनच ऑल्ट आणि टी दाबून उघडणाऱ्या खिडकीत साथीदारांची नावे भरावीत. तेथे स्वतःचे नवे रकाने करता येतात. राग, ताल आणि मुद्रिकेचा क्रमांक यांचे रकाने मी आवर्जून करायला सांगेन. विशेषतः क्रमांक, कारण एचएमव्हीच्या पुष्कळ एलपींवर ईसीएलपी आणि ईपींवर ७ईपीई या अक्षरांनी सुरू होणारा जो क्रमांक छापलेला असतो, तोच त्या मुद्रिकेची खरी ओळख असतो. एकाच गायिकेच्या दोन मुद्रिकांचे शीर्षक केवळ तिचे नाव एवढेच असू शकते; क्रमांक मात्र दोन मुद्रिकांना एक नसतो. टिफ प्रतींची नावेही याच क्रमांकाने सुरू करावीत.

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचा प्रश्न निराळा आहे. त्या बहुधा कंपनीच्या साध्या कागदी पाकिटात विकल्या जात. पाकिटाच्या मध्यावर गोल भोक असे आणि त्यातून लेबल दिसे. अशा तबकडीला स्वतःचे कव्हर नसतेच. केसरबाई केरकर यांच्या जुन्या तबकडीच्या ध्वनिफायलीला नंतरच्या एखाद्या संकलनाचे रंगीत चित्र लावणे मला अजिबात पटत नाही. लेबलाचे चित्र घ्यावे, त्याला लेबल हाच प्रकार द्यावा. गायकाचे नाव, राग आणि क्रमांक त्यावरच छापलेला असतो. कंपनीच्या जाहिरातीचे पाकीट शिल्लक असेल तर ते दुसरे चित्र म्हणून जोडावे.

देवनागरीबाबत प्रणाली निर्धोक आहे. नावे मराठीतून भरता येतात, शोधता येतात, आणि ती बिघडत नाहीत. कलाकाराच्या नावाचा क्रम लावण्यासाठी वेगळा रकाना असल्यामुळे तेथे रोमन रूप देऊन दोन्ही लिप्यांतल्या नोंदी एकत्र लावता येतात.

उणिवाही आहेत. कव्हरे ओळीने मांडून संग्रह न्याहाळण्याची सोय तिच्यात नाही; त्यासाठी म्युझिकबी किंवा फूबारसारखी वादनप्रणाली हवी. अनेक फायलींवर एकदम चालणाऱ्या तिच्या कृती थेट फायलींत बदल करून टाकतात, म्हणून संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असल्याखेरीज त्या वापरू नयेत. मेनूंची रचना नवख्याला कोरडी वाटेल. रूपांतराच्या सूत्रांत शिरायला थोडा धीर लागतो, पण एकदा सूत्र बसले की फायलींची नावे आतल्या माहितीवरून आपोआप तयार होतात, आणि त्यातून वाचणारे कष्ट फार मोठे आहेत.

राहिला प्रश्न गाडीतल्या ध्वनियंत्राचा. पुष्कळ यंत्रांत देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, आणि काही यंत्रांना प्रोग्रेसिव्ह प्रकारचे जेपीईजी दाखवता येत नाही, म्हणून चित्र साठवताना साधा प्रकारच निवडावा. गाडीसाठी फायलींची वेगळी प्रत करून तिच्यात रोमन नावे भरावीत आणि कव्हर ५०० पिक्सेलपर्यंत उतरवावे. मूळ प्रतीतील मराठी नावांना आणि मोठ्या चित्राला त्यासाठी हात लावण्याची गरज नाही.