फुल सस्पेन्शन सायकल घ्यायचीय? आधी दुकानात शॉक पंप मागा

माझं वजन ५४ किलो. फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्ही चाकांना धक्के झेलायची सोय असलेली सायकल, बघायला जाणाऱ्या बारीक माणसांनी हा आकडा आधीच सांगून टाकावा, कारण डेमो सायकलच्या शॉकमध्ये (मागचे धक्के झेलणाऱ्या हवेच्या नळकांड्यात) हवा बहुतेक वेळा आधीच्या गिऱ्हाइकाच्या वजनाची असते. शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये मला "मॅडम, गल्लीत एक चक्कर मारून या" म्हणाले. मारली. शॉक जेमतेम हलला. आणि सपाट डांबरावर हलून तरी काय करणार? तेवढ्यावर सायकल ठरवायची तर सरळ हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) घ्यावी, पैसे तरी वाचतील.

हा रिव्ह्यू ज्या दुकानाचा आहे, त्या पुण्यातल्या बाणेरच्या दुकानात मुलानं आधी शॉकमध्ये हवा भरायचा पंप काढला. हेल्मेट, पाण्याची बॅग, सगळं चढवून सायकलवर बसवलं, भिंतीला हात टेकायला लावला, शॉकवरची रबरी रिंग सीलपाशी सरकवली आणि म्हणाला, "आता अलगद उतरा, ताई." रिंग किती सरकली ते पट्टीनं मोजलं. शॉक एकूण दबतो त्या ५० मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये १५, म्हणजे ३० टक्के सॅग (नुसतं बसल्यावर शॉक दबतो तो) येईपर्यंत हवा कमी-जास्त करत राहिला. मग फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन. मग रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत वर यायचा वेग: सीटवर बसूनच फुटपाथवरून उतरायचं, शॉक दबून एकदाच वर यायला हवा, घोड्यासारखा उधळता कामा नये.

आधारची झेरॉक्स आणि डिपॉझिट ठेवून रविवारी सकाळी सायकल बाहेर नेऊ दिली. वेताळ टेकडी मी टाळली. त्या वेळी तिथे फिरायला येणाऱ्यांच्या अंगावर सायकल घालण्यात काय शहाणपण? बाणेरची टेकडी पुरते. उतारावर १३० मिलिमीटर ट्रॅव्हलची (चाक तेवढं वर-खाली होणारी) सायकल कुणालाही आवडते. ड्रॉपरनं (सीट खाली-वर करणाऱ्या दांड्यानं) सीट खाली घेतली की गोटेसुद्धा गोड लागतात. खरं काय ते चढाला कळतं. प्रत्येक पायडलला मागची बाजू डचमळत असेल तर पाय भरून येतात. म्हणून तोच चढ शॉकचा लिव्हर (शॉक हलू नये म्हणून लॉक करायची कळ) बंद करून एकदा आणि उघडा ठेवून एकदा चढून बघा. मला उघडाच बरा वाटला, कारण सुट्या मुरमावर मागचं चाक घसरायचं थांबलं. वजन मात्र पंधरा किलोच्या घरात. लिफ्ट नसलेल्या सोसायटीत राहणाऱ्यांनी जिन्याचाही हिशेब करावा.

एक स्टार कापला तो साइझसाठी. डेमोला फक्त मीडियम. माझी उंची पाच फूट दोन इंच, हँडल लांब पडत होतं. "स्टेम आखूड बसवून देतो" म्हणे, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा. स्टेम बदलून फ्रेम लहान होत नाही, दादा! स्मॉल मागवून दिली, पण पैसे सगळे आधी.

पावसाळ्यानंतर पिव्हटची (फ्रेमच्या मागच्या हलत्या सांध्यांची) बेअरिंगं बदलायला किती घेतात तेही विचारून ठेवा. आणि जाताना आपली पायडलं न्या. तिथली प्लॅस्टिकची बुटाखालून सटकतात.