घरात कामं करताना गन: कमरेला की खिशात?

आधीच सांगतो, गन घ्यावी की घेऊ नये यावर हे नाहीये, तो वाद ज्यांना घालायचाय त्यांनी खुशाल घालावा. हे त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे ऑलरेडी आहे, शूटिंग रेंजवर जाऊन नीट शिकून झालंय, आणि आता प्रश्न एवढाच उरलाय की घरात भांडी, कपडे, लॉन असली कामं करताना ती अंगावर ठेवायची का, आणि ठेवायची तर कुठे. अजून एक, अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी जे एच-वन-बी किंवा तसल्या व्हिसावर आहेत त्यांना फेडरल कायद्याने गन जवळ ठेवताच येत नाही (हंटिंग लायसन्ससारखे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून ठरवा, व्हॉट्सॅप ग्रुपवर नाही). ग्रीन कार्ड झालं की ही आडकाठी जाते. माझं झाल्यावरही दोन वर्षं मी नुसता विचारच करत होतो.

आम्ही टेक्सासमध्ये गावाच्या जरा बाहेर राहतो, एक एकराचा प्लॉट, शेजाऱ्याला हाक मारली तर ऐकू जाईलच असं नाही. सुरुवातीला माझं पिस्तूल वरच्या मजल्यावर बेडरूममधल्या छोट्या सेफमध्ये असायचं, चार बटणं दाबली की उघडणारा तो प्रकार, आणि मला वाटायचं झालं, सोय झाली. मग एकदा शनिवारी दुपारी कानावर मफ्स लावून लॉन कापत होतो, वळलो तर उघड्या गॅरेजमध्ये एक माणूस आत येऊन उभा. बिचाऱ्याच्या गाडीतलं पेट्रोल संपलं होतं, मोवरसाठी ठेवलेल्या कॅनमधलं थोडं दिलं, थँक्यू म्हणून गेला, विषय संपला. पण तो गेल्यावर लक्षात आलं की गॅरेजमधून घरात जाणाऱ्या दाराला तो माझ्यापेक्षा जवळ होता, मुलं आत टीव्ही बघत होती, आणि माझं सगळं स्वसंरक्षण जिना चढून वर चार बटणांच्या मागे बसलं होतं.

घरात कशाला कमरेला गन बांधून फिरतोस म्हणून मित्र हसतात. हसू देत. तसं बघितलं तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टालाही आधी घरच आठवलं होतं, २००८ च्या हेलर केसमध्ये स्वसंरक्षणासाठी घरात हँडगन ठेवण्याचा हक्क मान्य झाला, घराबाहेर घेऊन फिरण्याचा मुद्दा ब्रुएन केसमध्ये थेट २०२२ ला आला. असो.

तर माझ्याकडे दोन पर्याय होते आणि दोन्ही मी प्रत्येकी सहा-सात महिने तरी वापरलेत. पहिला म्हणजे सिग सॉअरचं पी-३६५, ९ एमएम, पँटच्या आतल्या बाजूला कायडेक्सच्या (कडक प्लास्टिकच्या) होल्स्टरमध्ये, म्हणजे गनच्या म्यानात, उजव्या कमरेच्या जरा मागे. दुसरा म्हणजे स्मिथ अँड वेसनची ६४२ रिव्हॉल्वर, .३८ स्पेशल, पुढच्या उजव्या खिशात, खिशातल्या होल्स्टरसकट. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत असतात, ते नेटवर बघा.

पिस्तुलाबद्दल आधी चांगलं बोलतो कारण ते चांगलंच आहे. २०१८ ला आलं तेव्हा एवढ्याशा आकारात १०+१ गोळ्या (दहा मॅगझिनमध्ये, एक नळीत) बघून लोक चाट पडले होते आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. रेंजवर माझा नेम रिव्हॉल्वरपेक्षा त्याच्यावर उघड-उघड चांगला आहे, मोजून नाही सांगत पण टार्गेटचे कागद शेजारी-शेजारी ठेवले तर माझी बायकोसुद्धा सांगेल कुठला कशाचा. मॅगझिन बदलणं सोपं, ट्रिगर हलका, साइट्स (नेम धरायच्या खुणा) नीट दिसतात. बाहेर जाताना, जीन्स आणि चांगला जाड बेल्ट असेल तर मी आजही तेच लावतो आणि दिवसभर विसरून जातो.

पण घरात जीन्स कोण घालतं हो? ऑफिसातून आलो की पहिलं काम पायजमा नाहीतर शॉर्ट्स, आणि इलॅस्टिकच्या कमरेला होल्स्टरची क्लिप लावून बघा, दहा मिनिटांत एक बाजू खाली, मग ती वर ओढायची, मग परत खाली. यावर उपाय आहेत, पँटशी संबंधच नसलेला वेगळा पट्टा मिळतो, तो आतून बांधला की वर पायजमा काहीही घाला, एका मित्राकडचा मी वापरून पाहिला, काम करतो. पोटावर बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टाही असतो, तो मात्र टेक्सासच्या ऑगस्टमध्ये मला एक दिवससुद्धा सहन झाला नाही, घामाने अंगावर चट्टे उठले. तेव्हा पायजमा हा काही न सुटणारा प्रश्न नव्हता, उगाच पिस्तुलाला दोष नको.

खरा त्रास वाकण्याचा. घरकाम म्हणजे निम्मं वाकणं असतं हे मला गन लावल्यावर कळलं. डिशवॉशरचा खालचा रॅक भरा, ड्रायरमधून कपडे काढा, पलंगाखाली व्हॅक्यूम घाला, सिंकच्या खाली पाठीवर झोपून पाइपचा नट आवळा. मागच्या बाजूला लावलेलं पिस्तूल वाकलं की टी-शर्टमधून मुठीसकट बाहेर डोकावतं आणि पाठीवर झोपलं की बरोबर हाडावर बसतं. पुढे लावून बघितलं, तिथे माझं पोट आडवं येतं, ड्रायरपुढे उकिडवं बसलो की होल्स्टरचं टोक थेट जांघेत. दुखतं म्हणून तक्रार नाही माझी, थोडं दुखलं तर माणूस सहन करतो. तक्रार अशी की दुखलं की माणूस काय करतो? काढून ठेवतो. पाचच मिनिटं, हा नट आवळेपर्यंत. मी होल्स्टरसकट काढून सिंकशेजारच्या ओट्यावर ठेवायचो, कधी गॅरेजमधल्या शेल्फवर, कधी फ्रिजच्या वर, आणि काम झालं की परत लावायचो. दिवसातून तीन-चार वेळा ही काढघाल, आणि प्रत्येक वेळी भरलेली गन हातात, वर घाई.

एका रविवारी मी ड्रायरमधली चादर काढताना गन ड्रायरवर ठेवली, चादर वर नेली, पलंगावर घातली, मग फोन आला, मग जेवलो. बायको खाली आली, "अरे, हे काय ठेवलंयस इथे?" तिने घड्या घातलेल्या टॉवेलांची रास गनवरच ठेवली होती आणि उचलताना तिला होल्स्टर दिसलं. मोठा मुलगा नऊ वर्षांचा, धाकटी पाच, आणि टॉवेल वर नेऊन ठेवायचं काम मुलाचं. बायको त्या दिवशी यापेक्षा जास्त काही बोलली नाही, पुढचे दोन दिवसही विशेष बोलली नाही. आणि हे नुसतं घरच्या अब्रूचं नाही, टेक्सासमध्ये निष्काळजीपणे सोडलेली भरलेली गन १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात तर गन एक तर मालकाच्या अंगावर किंवा ताब्यात हवी, नाहीतर कुलपात, असा नियमच आहे. आधी तो वाचून मला जाच वाटायचा, ड्रायरनंतर नाही वाटला.

तेव्हापासून घरात दोनच जागा, अंग किंवा सेफ, तिसरी जागा नाही. आणि हा नियम केला की तुलना एकदम सोपी होते, किती गोळ्या आणि किती सेकंद हे सगळं मागे पडतं, प्रश्न उरतो की कुठली गन दिवसभर काढावीशीच वाटत नाही.

रिव्हॉल्वर इथे जिंकते, निदान माझ्या अंगावर तरी. गोळ्यांशिवाय वजन साधारण ४०० ग्रॅम, हॅमर (गोळी उडवायला मागून आदळणारा भाग) आत झाकलेला त्यामुळे काढताना खिशाच्या कापडात अडकायला काही नाही. वाकलो, उकिडवा बसलो, सिंकखाली आडवा झालो तरी मांडीच्या पुढच्या बाजूला ती पडून राहते, टोचत नाही. बेल्ट लागत नाही. आणि एक फायदा जो मला आधी कुणी सांगितलाच नव्हता, दारावर बेल वाजली की हात खिशात घालून उभं राहता येतं, समोरच्याला वाटतं हा आळशी माणूस खिशात हात घालून उभा आहे, पण हात गनच्या मुठीवर असतो. कमरेच्या पिस्तुलाला असा नुसता हात लावून उभे राहिलात तर कुरिअरवाला पार्सल टाकून पळेल.

आता तिची कटकट. पाचच गोळ्या. नाव एअरवेट, हलकी आहे ती ठेवताना सुखाची आणि झाडताना शिक्षा, एका बैठकीत चाळीसेक राउंड मारले की तळहात झणझणतो, म्हणून सराव टाळला जातो आणि तोच धोका आहे. ट्रिगर लांब आणि जड, पहिल्या महिन्यात माझ्या गोळ्या कुठे गेल्या ते मी इथे सांगणार नाही. सोफ्यावर बसलेले असताना पुढच्या खिशातून ती काढणं जवळपास अशक्य, ड्रायव्हिंग करताना तर सोडाच. खिशातला कापूस-धूळ सिलेंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या भागाच्या) फटीत जाऊन बसतो, दर रविवारी ब्रश मारावा लागतो. पायजम्याचा खिसा उथळ आणि पातळ असेल तर चालताना ती घड्याळाच्या लंबकासारखी मांडीवर आपटते, मी शेवटी चार पायजम्यांना आतून जीन्सच्या कापडाचे खिसे शिवून घेतले, खर्च फारसा नाही पण शिवणाऱ्या बाईंना कारण सांगताना जरा चाचरलो.

खिशाचे नियम कडक हवेत. होल्स्टर हवंच, ट्रिगर पूर्ण झाकणारं, नुसती गन खिशात टाकणाऱ्या माणसाशी मी वादसुद्धा घालत नाही. त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, स्क्रू नाही, कपड्यांचे चिमटे नाहीत (चिमट्यांची सवय मोडायला मला महिना लागला, कपडे वाळत घालताना हात आपोआप उजव्या खिशाकडे जायचा). परत ठेवताना खिशातल्या होल्स्टरमध्ये आंधळेपणाने गन खुपसायची नाही, होल्स्टर बाहेर काढायचं, बघून त्यात गन घालायची, मग दोन्ही मिळून खिशात. पायजम्याची नाडी आणि तिच्या टोकाची प्लास्टिकची गुंडी हीसुद्धा होल्स्टरच्या तोंडात जाऊ शकते, कमरेला लावणाऱ्यांना तर जास्तच, मी सरळ कापून टाकल्या.

खिशाचा एक तोटा मला आधी सुचलाच नव्हता, तो म्हणजे धाकटी. तिला बाबाच्या खिशात काय आहे हे बघायची सवय, कमरेला तिचा हात क्वचित जायचा, खिशात मात्र हमखास. होल्स्टरमधून पाच वर्षांच्या मुलीला ती काढता येणार नाही, आणि तो जड ट्रिगर तिला ओढवणार नाही असंही म्हणतात, पण असल्या हिशोबावर मी झोपू शकत नाही. तेव्हा मुलांशी दंगामस्ती, गोष्टी वाचणं, मांडीवर बसणं यातलं काहीही असेल तर गन होल्स्टरसकट सेफमध्ये. म्हणजे काढघाल माझ्याकडेही आहेच, पण ती दिवसातून एकदा-दोनदा, ठरवून, आणि गन होल्स्टरबाहेर येतच नाही, ट्रिगर झाकलेलाच राहतो. दुसरा सेफ आता खाली जिन्याखालच्या कपाटात बोल्टने पक्का केलाय, ते तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

तुमचं वेगळं असू शकतं. घरात मुलं नाहीत, दिवसभर बेल्टची पँट घालूनच वावरता, बारीक आहात, तर पिस्तूल कमरेला लावा, अकरा गोळ्या पाचापेक्षा जास्त असतात हे मलाही कळतं. हाताला संधिवात असेल तर रिव्हॉल्वरच्या ट्रिगरच्या वाटेला जाऊच नका. अपार्टमेंटमध्ये दोन खोल्यांत राहत असाल तर कदाचित एक चांगला सेफ हाताशी असणं एवढंच पुरे, मी तिथे असतो तर बहुतेक तेवढंच केलं असतं. आणि दोघांच्या मध्ये लटकत असाल तर विकत घेण्याआधी एक करून बघा, नुसतं रिकामं होल्स्टर आणा, त्यात तेवढ्या वजनाचं काहीतरी भरा आणि शनिवार-रविवार ते अंगावर ठेवून घरची सगळी कामं करा, आणि किती वेळा काढून बाजूला ठेवावंसं वाटलं ते फ्रिजवरच्या कागदावर रेघ मारून लिहा. माझ्या पिस्तुलाच्या दोन दिवसांत नऊ रेघा झाल्या होत्या. रिव्हॉल्वरची एकच, ती पण धाकटीला झोपाळ्यावर झोके द्यायचे होते म्हणून.